सहा फुटांवरच्या बाई

बाई आधी चष्मा काढायच्या. पदराच्या टोकाने काचा पुसायच्या, उजवी आधी, मग डावी. चष्मा पुन्हा नाकावर चढवायच्या आणि समोरच्या माणसाकडे बघायच्या. फार वेळ नाही, आपण भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते बघतो तेवढाच. आणि म्हणायच्या, "मी यांना ओळखत नाही."

संपलं! मग समोरचा हात जोडो, डोळे वटारो, नाहीतर कुठल्या साहेबाचा फोन लावून देवो, बाईंचं वाक्य काही बदलायचं नाही. आवाजही चढायचा नाही. भाजीवाली "मेथी संपली" म्हणते ना, तसं.

मंडळी, या वाक्याने चौदा वर्षं माझं रक्त आटवलं. कारण ते सहा फुटांवरून ऐकू यायचं. नवी मुंबईतल्या एका दस्त नोंदणी कार्यालयाबाहेर, कोणत्या ते विचारू नका, फुटपाथवर आम्हा दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं असतात. गेटपासून पहिलं टेबल माझं, दुसरं बाईंचं. मधलं अंतर मी टेपने मोजलेलं आहे. का मोजलं? वैरी किती लांब आहे ते माहीत असावं माणसाला.

तुमच्यापैकी ज्यांनी घर घेतलंय त्यांना आतला सोहळा ठाऊक असेल. विकणारा साहेबांसमोर उभा राहतो, फोटो निघतो, अंगठा लागतो. पण उभा आहे तो खरोखर घरमालकच, हे सांगणार कोण? त्यासाठी दोन साक्षीदार लागतात. कागदावर वाक्य तयारच असतं, की आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो. खाली सही ठोकायची. आता विकणारा मूळचा सांगलीचा, घेणारा पाटण्याचा, फ्लॅट कोपरखैरण्यात. कामाच्या दिवशी रजा टाकून ओळख पटवायला येणार कोण? मग लोक आमच्याकडे बघायचे आणि आम्ही सही करायचो. आमच्या फुटपाथवर तो शेजारधर्म होता. उसनी साखर देतात तशी सही द्यायची. मी सकाळी केरळच्या नर्सबाईंना व्यक्तिशः ओळखायचो, दुपारी कळंबोलीच्या लोखंडवाल्या शेठना, आणि चहापर्यंत एका अख्ख्या सिंधी कुटुंबाला, नातवंडांसकट.

बाई मात्र ओळखत नसत.

बरं, याने त्यांचा धंदा बसायला हवा होता की नाही? मी वाट बघत होतो. माझ्याकडे रंगीत छत्री, गादीच्या खुर्च्या, थंड पाण्याचा जार. त्यांच्याकडे एक घडीचं टेबल, एक म्हातारा लॅपटॉप आणि टाचण्यांचा स्टीलचा डबा. लॅपटॉपवर अक्षरं एवढी मोठी, एकेक लाडवाएवढं. मी चहावाल्याला म्हणायचो, "बघ, अक्षरांतसुद्धा मोठेपणा!" तरी बोनकोडे गावातली जुनी घराणी माझ्या छत्रीखालून वाकून, माझं थंड पाणी पिऊन, पुढे बाईंकडे जायची. आणि वर्षातून कधीतरी बाईंनी कुणाची ओळख दिलीच, तर आतले साहेब मान वर न करता कागद पुढे सरकवायचे. माझी सही दिसली की म्हणायचे, "वा! तुम्ही यांनाही ओळखता?"

एकदा मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. माझा सख्खा मेव्हणा जुना गाळा विकत होता. त्याला मुद्दाम बाईंकडे नेलं. म्हटलं, "बाई, हा माझा मेव्हणा. आता तरी कराल ना सही?"

चष्मा निघाला. उजवी काच, डावी काच.

"शेजारी," त्या म्हणाल्या. मला त्या कायम शेजारीच म्हणायच्या. "हे तुमचे मेव्हणे आहेत, हे तुम्ही सांगितलंत. म्हणजे मी तुम्हाला ओळखते. यांना ओळखत नाही."

मेव्हणा आजही मला विचारतो, "दाजी, तुमच्या शेजारच्या त्या बाई अजून आहेत का?" माझी विचारपूस नंतर.

आता घडलेली गोष्ट सांगतो. यात मी शोभत नाही, पण सांगतो.

एका सकाळी गॉगल लावलेला एक गृहस्थ एका म्हातारीला घेऊन आला. दिवाळे गावच्या एका कोळीणबाईंचा प्लॉट विकायचा होता. जुनी जमीन सरकारने घेतली, बदल्यात गावकऱ्यांना प्लॉट मिळाले, त्यांतला एक. कागद सगळे होते. आधार कार्डही होतं. गॉगलवाला थेट बाईंकडे गेला, कारण बाईंची सही असली की आत कुणी काही विचारत नाही, हे एव्हाना चोरांनाही कळलं होतं.

बाईंनी म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने जमिनीकडे पाहिलं. "मी यांना ओळखत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो मॅडम, आधार बघा ना."

"ते कार्ड बघितलं. मी माणसाबद्दल बोलतेय."

गॉगलवाला सहा फूट मागे आला, माझ्याकडे. आणि मंडळी, मी उठून उभा राहिलो! दोन्ही हात पसरले. "या मावशी, या! किती दिवसांनी! दिवाळ्यात सगळं बरं ना?" म्हातारी दचकली. तिने गॉगलवाल्याकडे पाहिलं, उत्तर काय द्यायचं ते विचारावं तसं. ते मी पाहिलं. स्पष्ट पाहिलं. घर गावात कुठे, असं विचारलं तेव्हाही तिने त्याच्याकडेच पाहिलं. तरी मी दस्त तयार केला, आत गेलो, व्यक्तिशः ओळखतो म्हणून सही केली आणि साक्षीदाराच्या फोटोसाठी छान हसलो. तुम्ही म्हणाल, पैशासाठी. नाही हो. बाईंनी घालवलेलं गिऱ्हाईक मी पटकावलं होतं, आणि बाई बघत होत्या. त्या दिवशी मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तीन आठवड्यांनी खरी म्हातारी आली.

डोक्यावर माशांची रिकामी पाटी, हातात कागदाची गुंडाळी. तिच्या प्लॉटवर कुणीतरी मोजणी करून तारेचं कुंपण घालत होतं. त्याच जागेवर तिला धाकट्या लेकाचं घर बांधायचं होतं. दुसरी जागा तिच्याकडे नव्हती. ती माझ्या छत्रीवरून सरळ पुढे गेली, सवयीप्रमाणे सगळे जायचे तशी, आणि बाईंसमोर कागद आपटला.

"वाच गो बाय! माजी जागा माना न इचारता कोनी इकली?"

बाई वाचू लागल्या. विकणाऱ्याचं नाव, म्हातारीचंच. फोटो दुसरीचा.

"ही कोन? ही मी नाय! मी ही हय उबी हाय, जित्ती!"

बाई पुढे वाचत गेल्या. चतुःसीमा, घेणाऱ्याचं नाव. मग साक्षीदारांपाशी येऊन थांबल्या. कागदावर माझा हसरा फोटो होता. बाईंनी मान वळवली.

"साक्षीदाराचं नाव मी वाचू, शेजारी? की तुम्ही वाचता?"

मी वाचलं. माझं स्वतःचं नाव मी आयुष्यात इतक्या हळू कधी वाचलं नव्हतं. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू माना वलखतंस?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या वर्षांच्या धंद्यात हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं.

आम्ही तिघं आत साहेबांकडे गेलो. साहेब भला माणूस, पण हात टेकले. "आजी, दस्त नोंदला गेला. तो रद्द करायचा अधिकार मला नाही. तुम्हाला दिवाणी कोर्टात जावं लागेल."

"खोटा हाय, तं फाडून टाक ना!"

"फाडता येत नाही, आजी. कायद्यात तशी सोय नाही."

"लिवाला अर्दा घंटा," म्हातारी म्हणाली, "नि फाडाला कोरट?"

साहेबांनी पुढचा नंबर पुकारला. बाहेर आल्यावर बाई पहिल्यांदा चिडलेल्या दिसल्या. "खोटं अर्ध्या तासात पक्कं होतं, आणि खरं सिद्ध करायला माणसाचं आयुष्य जातं. हा कायदा उलटा शिवलाय, शेजारी." त्यांनी लॅपटॉप मिटला, टाचण्यांचा डबा पिशवीत टाकला. "चला."

"कुठे?"

"पोलिसांत. तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात, ते सांगायला."

"बाई, माझं नाव जाईल हो!"

"ते त्या कागदावर गेलंच आहे. परत आणायला चला."

गेलो. जबाब दिला. आधी माझंच नाव आरोपींत आलं, मग माझ्या जबाबावरून गॉगलवाला सापडला. माझं काय करायचं ते कोर्टाने अजून ठरवायचंय. त्यामुळे हे मी तुम्हाला अगदी जपून, फक्त मोठ्याने सांगतोय.

त्याच सुमारास पेपरात आलं, की नोंदणीच्या कायद्यात दुरुस्ती करायची आहे, नागरिकांनी सूचना पाठवाव्यात. आपण अशी बातमी वाचतो आणि पान उलटतो. बाईंनी ते कापून टाचणीने लॅपटॉपच्या पिशवीला लावलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "शेजारी, या धंद्यातली सगळी लबाडी तुम्हाला येते. मला मदत करा."

अपमान की सन्मान, हे ठरवायच्या आत मी खुर्ची ओढली. पुढचे पंधरा दिवस, दुपारी गर्दी ओसरली की मी लबाडी सांगायचो आणि बाई तिच्यावर कुलूप लिहायच्या. मी म्हटलं, खऱ्या मालकाला पत्ताच लागत नाही. त्यांनी लिहिलं, दस्त नोंदण्याआधी जुन्या कागदावरच्या मालकाला कळवलं पाहिजे, आणि त्याला हरकत घ्यायला मुदत पाहिजे. मी म्हटलं, एकदा शिक्का बसला की कुणी काही करू शकत नाही. त्यांनी लिहिलं, तोतया उभा केल्याचं चौकशीत दिसलं तर दस्त तिथेच थांबवायचा अधिकार अधिकाऱ्याला द्या, पुढची विक्री होऊ देऊ नका, आणि चौकशीत दोन्ही बाजू ऐका. मी रंगात आलो होतो. हातवारे करून सांगत होतो, तोतया कसा चालतो, कसा खोकतो. बाई हसायच्यासुद्धा.

मग त्यांनी सगळ्यात वर एक कलम घातलं. ओळख देणाऱ्या साक्षीदाराने तो विकणाऱ्याला कुठून, कसा ओळखतो हे स्वतःच्या हाताने लिहावं. छापील वाक्य चालणार नाही. आणि ते खोटं निघालं, तर तोतयाला जी शिक्षा तीच त्यालाही.

मी वाचलं. "हे माझ्यासाठी?"

"हो," बाई म्हणाल्या.

एवढा सरळ अपमान माझा कुणी केला नव्हता. पण खाली त्यांनी सह्यांच्या जागी दोन नावं टाकली होती. पहिलं त्यांचं. दुसरं, 'माहिती देणार' म्हणून, माझं. दुसरं! सगळी माहिती माझी आणि मी दुसरा. रागाच्या भरात मी घरी जाऊन स्वतंत्र सूचना पाठवली, की दस्त लिहिणाऱ्यांना फुटपाथवर पक्कं छप्पर मिळावं. बाईंच्या पत्राला पोच आली, वर जावक क्रमांक, खाली कुणाचीतरी गिचमिड सही. माझ्या छपराचं काहीच आलं नाही. बाईंनी ती पोच मला दाखवली तेव्हा मी म्हटलं, "छापील आहे." म्हणाल्या, "सही हाताने आहे, शेजारी."

कायद्यात पुढे काही बदललं, काही फायलीत राहिलं. हाताने लिहायचं कलम कुणी उचललं नाही. बाईंनी दर वर्षी स्मरणपत्र पाठवलं. पाकिटावर तिकीट लावताना ते चारही कोपऱ्यांनी नीट दाबायच्या, जणू तिकीट निसटलं तर कायदा निसटेल.

म्हातारीचा दावा पाच वर्षं चालला. दर तारखेनंतर ती फुटपाथवर यायची. बाईंना पापलेट. मला बोटाएवढी मांदेली. मी पाटीत डोकावायचो. तिला कळायचं. "तुजा नंबर येल," म्हणायची. शेवटी दस्त रद्द झाला, कुंपण निघालं, लेकाच्या घराचा पाया खणला. त्या दिवशी बाईंना अख्खी सुरमई मिळाली. मला बोंबील. ताजे होते, हे मान्य करतो.

मग बाईंचं काहीतरी बिघडलं. काचा दोनदा पुसायला लागल्या, मग तीनदा. एकदा बोनकोड्यातले एक जुने गृहस्थ आले. बाईंनी त्यांच्या घरातल्या तीन पिढ्यांचे दस्त लिहिलेले. बाईंनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाल्या, "मी यांना ओळखत नाही." त्या माणसाचा चेहरा उतरला. "अवो बाई, मी हाय ना!" आवाज ऐकून बाई चटकन उठल्या. "अगंबाई, दादा तुम्ही!" उठताना टाचण्यांचा डबा लवंडला. त्या खाली वाकून फरशीवर हात फिरवत राहिल्या. टाचण्या त्यांच्या बोटांपासून वीतभर लांब होत्या.

माझ्या मनात पहिला विचार आला, तो सांगूनच टाकतो. आता बोनकोडं माझं. तो विचार आला आणि मी तसाच खाली बसलो, टाचण्या गोळा करायला. लाडवाएवढ्या अक्षरांचा अर्थ मला तेव्हा कळला. किती वर्षं मी त्याला मोठेपणा म्हणत होतो.

बाई मुलीकडे नाशिकला जायला निघाल्या. जाण्याआधी कोपरखैरण्यातली खोली मुलीच्या नावे करायची होती. बक्षीसपत्र त्यांनी स्वतःच टाइप केलं, अक्षरं आता नारळाएवढी. आणि ओळखीला दोन साक्षीदार हवे होते.

"शेजारी, येता का?"

मी छत्री मिटली. आत गेलो तर साक्षीदार क्रमांक एक आधीच बसलेली होती, पाटीसकट. मी क्रमांक दोन! मंडळी, त्या खुर्चीतही माझ्या पोटात दुखलं.

साहेबांनी विचारलं, "आजी, बाईंना ओळखता?"

"हिनी माजी जागा माना परत दिली," म्हातारी म्हणाली. "आनखी कती वलखू?" आणि अंगठा असा दाबला, की यंत्र कुरकुरलं.

मी सहीला पेन काढलं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तसं नाही. कुठून ओळखता, ते लिहा."

"बाई, ते कायद्यात नाही आलं अजून."

"माझ्या दस्तात आलंय. जागा सोडलीय बघा."

खरंच सोडली होती. छापील वाक्याखाली चार ओळी, कोऱ्या. हजारो लोकांना ओळखणारा मी, पेन धरून बसून राहिलो. साहेब थांबले. रांग थांबली. मग मी लिहिलं. लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "वाचा. मला दिसत नाही."

मी वाचलं, "शेजारी म्हणून ओळखतो."

"खोटं," बाई म्हणाल्या. "पेनाचा आवाज चार ओळींचा होता."

साहेब खाली बघून हसले. सुटका नव्हती. मी पुन्हा वाचलं, जसं होतं तसं: "यांना मी चौदा वर्षे सहा फुटांवरून पाहत आलो आहे. या कालावधीत मी यांचा सतत मत्सर केला. मत्सर करण्यासाठी माणसाकडे रोज नीट बघावे लागते, म्हणून मी यांना व्यक्तिशः ओळखतो."

बाईंनी चष्मा काढला. उजवी काच पुसली. डावीही पुसली. मग चष्मा परत न लावताच माझ्या दिशेने बघून म्हणाल्या, "करा सही. आता चालेल."

बाहेर आल्यावर म्हातारीने पाटीतून एक पापलेट काढून माझ्या हातात ठेवलं. एकच. पण पापलेट.

आता दुसरं टेबल नाही. जागा आहे. परवा एक जोडपं आलं, विकणारा त्यांच्यामागे उभा. म्हणाले, "काका, ओळखीची एक सही लागेल." मी चष्मा काढला. मला पदर नाही, रुमालाने पुसला. बघितलं. "मी यांना ओळखत नाही," म्हणालो. ती माणसं चिडून पुढे गेली. समोरच्या टेबलावर पनवेलचा एक नवा एजंट बसतो, माझ्याच वयाचा, दुरंगी छत्रीवाला. त्याने त्यांना हात पसरून बोलावलं, बसवलं. आणि तिरक्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

ती नजर मी लगेच ओळखली. विचाराल तर कुठून ओळखतो, तेही हाताने लिहून देईन.